हौसेचा गळ आणि काळाचे व्रत

अहिंसा आणि इतर यम यांना जात, देश, काळ आणि प्रसंग यांचे कुंपण नसेल तेव्हा त्यांना पतंजली आपल्या सूत्रात महाव्रत म्हणतो. कुंपणातली अहिंसा कशी असते हे व्यासभाष्याने त्या सूत्राखाली उदाहरणे देऊन समजावले आहे, आणि त्यासाठी पहिलाच माणूस निवडला तो मासे मारणारा. मी मासेच मारीन, दुसऱ्या कोणाला मारणार नाही, ही जातीने बांधलेली अहिंसा. तीर्थाच्या ठिकाणी मारणार नाही, ही देशाने बांधलेली. चतुर्दशीला किंवा पुण्यदिवशी मारणार नाही, ही काळाने बांधलेली. भाष्यकार या संयमाला अपुरा ठरवतो, पण त्याला नाव अहिंसेचेच देतो. पोटासाठी मासे मारणाऱ्या माणसालाही धर्माच्या दारात उभे राहायला जागा आहे आणि ती जागा बहुतेक वेळा ‘केव्हा नाही’ या प्रश्नाच्या उत्तरात सापडते, हे त्यातून दिसते, आणि मला ते फार मोलाचे वाटते. हाच प्रश्न आता दुसऱ्या एका माणसाला विचारायला हवा. तो मासा खाण्यासाठी किंवा विकण्यासाठी धरत नाही, हौसेसाठी धरतो.

कोकणच्या खडकांवर आणि खाड्यांच्या मुखाशी रॉड आणि रीळ घेऊन उभा राहणारा हा हौशी माणूस काळाच्या बाबतीत अडाणी मुळीच नसतो. त्याचे सारे गणित काळाचेच असते. पावसाळ्याचा गढूळपणा ओसरून ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाणी निवळले की लहान मासळीचे थवे किनाऱ्याला लागतात आणि त्यांच्यामागे सुरमईसारखे शिकारी मासे येतात. थंडी सरली की पाणी तापत जाते, मे महिन्यात ते ३० अंशांच्या घरात पोचते, आणि तेव्हा खडकाळ तळाशी तांबोशी, गोबरा यांच्या आशेने गळ पडतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात खाडीच्या तोंडाशी ओहोटीची ओढ जोराची असते. त्या ओढीत वाहून येणारे भक्ष्य टिपायला मोठा मासा दबा धरून बसतो, हे त्याला पंचांग न उघडता कळते. पण ‘आज पाणी चांगले आहे’ असे तो म्हणतो तेव्हा ते कोणासाठी चांगले असते? माशांनी एका जागी गोळा होणे, भुकेने किंवा विणीच्या ओढीने बेसावध होणे, हीच पुष्कळदा त्या चांगल्या पाण्याची खूण असते. ज्या ज्ञानाच्या जोरावर तो मासा गाठतो, त्याच ज्ञानातून त्याला हेही कळत असते की मासा या घटकेला सर्वांत हतबल आहे. मग हात आवरण्याची जबाबदारी त्याच्याइतकी दुसऱ्या कोणावरच पडत नाही.

जिताड्याचे उदाहरण घेऊ. रायगडात भाताच्या शेतांलगतच्या तळ्यांत हा मासा वाढवण्याची जुनी रीत आहे, गोव्यात त्याला चोणक म्हणतात, आणि रॉडवाल्यांच्या मनात त्याच्याइतका मान क्वचितच दुसऱ्या माशाला असेल. पावसाचे गोडे पाणी खाड्यांत भरू लागले की मोठे जिताडे खाडीच्या मुखाकडे सरकतात आणि तिथल्या खाऱ्या पाण्यात, चंद्राच्या कलांशी जमवून घेत अंडी घालतात. भरतीबरोबर पिल्ले आत खाजणांत, कांदळवनात, तुंबलेल्या शेतांत शिरतात आणि तिथे वाढतात. या जातीचे बहुतेक मासे आधी नर म्हणून प्रौढ होतात आणि काही वर्षांनी, साधारण तीन फुटांच्या आसपास, मादी होतात. म्हणजे जो सर्वांत मोठा जिताडा आयुष्यात एकदा तरी लागावा अशी हौशी माणसाची इच्छा असते, तो जवळजवळ नक्कीच मादी असतो. मोठ्या मादीच्या पोटात कोटीच्या घरात अंडी असू शकतात. पावसाळ्याच्या तोंडाशी, उधाणाच्या दिवशी, खाडीच्या मुखाशी, सर्वांत मोठ्या माशासाठी टाकलेला गळ हा गळाच्या कौशल्याचा कळस मानला जातो. धर्माच्या दृष्टीने पाहिले तर त्याच क्षणी, त्याच जागी, त्याच माशावर गळ टाकण्याइतकी चुकीची गोष्ट त्या किनाऱ्यावर शोधून सापडायची नाही.

हे म्हणणे आजच्या पर्यावरणवाद्यांकडून उसने आणलेले नाही. महाभारताच्या आदिपर्वात हरणाच्या रूपात मैथुनात असलेल्या किंदम ऋषीवर पांडू बाण सोडतो. मरता मरता ऋषी त्याला शाप देतो, पण हरीण मारल्याचा दोष देत नाही. राजे शिकार करतात हे त्याला मान्य आहे. त्याची तक्रार एवढीच की मैथुन संपेपर्यंत तू थांबला नाहीस. कृती तीच, काळ बदलला की पाप बदलते. इ.स.पू. तिसऱ्या शतकात अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखाने काही माशांना अवध्य ठरवले आणि चातुर्मासाच्या पौर्णिमा, तिष्य पौर्णिमा आणि उपोसथाचे दिवस यांत मासे मारायला आणि विकायलाही मनाई केली. कोळीवाड्यात नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून मग होड्या लोटतात. त्यामागे खवळलेल्या दर्याचे भय आहेच, पण भयातून आलेल्या थांब्यानेही दर्याला दोन महिने मिळत आले. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै अशी आजची सरकारी बंदी आहे. पूर्वी तिचा शेवट नारळी पौर्णिमेशीही जोडलेला असे. पण ही बंदी यांत्रिक नौकांसाठी आहे. ज्याच्या घरची चूल मासेमारीवर चालते त्याची बोट ती किनाऱ्याला लावते, आणि खडकावर उभ्या असलेल्या हौशी माणसाचा गळ मात्र तिच्या कक्षेत येत नाही. कायद्याच्या बाजूने पाहता याचे कारण सरळ आहे: एका गळाने साठा संपत नाही. धर्माच्या बाजूने हे उलटे आहे. ज्याला गरज नाही त्याच्यावर संयमाचा भार अधिक असायला हवा.

यावर पहिले उत्तर येते ते असे: आम्ही मासा मारत नाही, सोडून देतो. या उत्तरामागे चांगली भावना आहे हे मला मान्य आहे, म्हणून ते जवळून पाहायला हवे. तिहेरी गळाचे कृत्रिम आमिष तोंडात घेऊन जिताडा हिसके देतो, पाण्याबाहेर झेप घेतो, डोके झटकतो. मग दमतो आणि कुशीवर वळतो. त्याला खडकावर घेतले जाते. कोरड्या हाताने किंवा टॉवेलने धरले की त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून येतो, आणि तोच थर त्याला संसर्गापासून राखत असतो. जबड्याला पकड लावून त्याला उभा टांगतात, तेव्हा पाण्यात कधीच न जाणवलेले स्वतःचे वजन त्याच्या मणक्यावर आणि आतड्यांवर येते. सोनेरी डोळे उघडे, कल्ले फाकलेले, आणि फोटो होईपर्यंत तो हवेत. मग पाण्यात सोडला की शेपटी मारून जातो, आणि पाहणाऱ्याला वाटते की झाले, सुटला. २००५ साली बार्थोलोम्यू आणि बोनसॅक या अभ्यासकांनी अशा सोडलेल्या माशांच्या मृत्यूचे २७४ अंदाज एकत्र मांडले. सरासरी १८ टक्के मासे मेले होते. निम्म्या अंदाजांत हे प्रमाण ११ टक्क्यांहून जास्त होते. गळ कुठे रुतला याला सर्वांत जास्त महत्त्व होते, आणि पाण्याचे तापमान हेही एक मोठे कारण ठरले. ते का, हे समजायला अवघड नाही. २० अंशांच्या समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ७.४ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना सुमारे ६.२. गरम पाण्यात माशाची गरज वाढते आणि पाण्याचे देणे घटते. थंड देशांतल्या नदीत जी रीत थोडीफार निभावते, ती आपल्या मे महिन्यातल्या समुद्रात तशीच निभावेल असे मानता येत नाही.

दुसरे उत्तर अधिक मुळाशी जाते: माशाला वेदना होतच नाहीत. २००३ साली लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी ट्राउट माशांच्या ओठांत आम्ल आणि मधमाशीचे विष टोचून पाहिले. मासे अंग डोलवू लागले, आम्ल टोचलेले मासे ओठ खड्यांवर घासू लागले, आणि खाणे पुन्हा सुरू करायला त्यांना इतरांहून बराच जास्त वेळ लागला. ब्रायन की यांच्यासारखे शास्त्रज्ञ याला वेदना मानायला तयार नाहीत; जाणिवेसाठी लागणारे मेंदूचे बाह्यपटल माशाला नाही, असा त्यांचा मुद्दा आहे आणि तो हलक्याने टाकण्यासारखा नाही. पण इथे शंकेचा भार कोणी वाहायचा हा प्रश्न शास्त्रज्ञ सोडवू शकत नाही. तो धर्माचा आहे. भुकेला माणूस शंकेचा फायदा स्वतःला घेऊ शकतो. खेळणाऱ्याला तो घेता येत नाही, कारण त्याने थांबले तर त्याचे बिघडते ते एका संध्याकाळचे सुख. १९७२चा जर्मनीचा प्राणिसंरक्षण कायदा वाजवी कारणाशिवाय प्राण्याला इजा करू देत नाही, आणि तिथे अन्न हे वाजवी कारण मानले जाते, करमणूक नाही. स्वित्झर्लंडने २००८ साली सोडून देण्याच्या हेतूने मासे धरायला बंदी केली. या दोन देशांनी जे कायद्यात उतरवले ते मला पटते. दहा मासे धरून दहाही सोडणाऱ्यापेक्षा एक धरून घरी नेणारा, शिजवून खाणारा आणि तिथेच थांबणारा माणूस अहिंसेच्या जास्त जवळ आहे. पहिल्याने दहा जिवांना केवळ आपल्या आनंदाचे साधन केले. दुसऱ्याने एका जिवाकडून अन्न घेतले आणि ते घेतल्याचे मान्य केले.

कोणी म्हणेल, ट्रॉलर टनांनी मासळी काढतात, त्यांना सोडून एका गळाच्या मागे का लागता? ट्रॉलरचे नुकसान मोठे आहे यात वाद नाही, आणि त्यावर बोलणे थांबवायचेही नाही. पण दुसऱ्याच्या मोठ्या दोषाने आपला लहान दोष धुतला जात नाही. वनपर्वातला धर्मव्याध मांस विकतो, तरी कौशिक ब्राह्मण त्याच्याकडे धर्म शिकायला मिथिलेला जातो. नांगराच्या फाळाखालीही जीव मरतात, हिंसेवाचून जगणे कोणालाच शक्य नाही, हे तो स्पष्ट सांगतो. पण त्याच्या बोलण्याला वजन येते ते तो व्यवसाय त्याच्या वाट्याला आलेला असल्यामुळे आणि त्यात तो जपून वागत असल्यामुळे. हे समर्थन हौशी माणसाला उसने घेता येत नाही. परंपरेचा आधार घ्यायचा तर कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराचा ‘मानसोल्लास’ आहे. बाराव्या शतकातल्या या ग्रंथात मत्स्यविनोदाचे स्वतंत्र प्रकरण आहे, माशांच्या जाती आणि त्यांना काय खाऊ घालून पोसावे हे त्यात येते. राजे गळ टाकत होते हे त्यावरून सिद्ध होते, ते योग्य होते हे नाही. मनुस्मृतीने शिकारीला राजाच्या कामज व्यसनांत घातले आहे. आणि निसर्गात मोठा मासा लहानाला गिळतोच, असे म्हणणाऱ्यांनी शतपथ ब्राह्मणातली मनूची गोष्ट आठवावी. लहान मासा मनूकडे येतो तो नेमकी हीच भीती घेऊन, आणि मनू त्याला वाढवून मगच समुद्रात सोडतो. मनूच्या त्या सोडण्यात मासा आधी सुरक्षित झालेला होता.

एक आक्षेप मात्र मला अर्ध्याहून अधिक मान्य करावा लागतो. हौशी मासेमारच पुष्कळदा पाण्याचे राखणदार होतात. फ्लोरिडाच्या उबदार किनाऱ्यावर स्नूक नावाचा मासा आहे. जिताड्यासारखाच तो आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो, उन्हाळ्यात खाड्यांच्या मुखाशी अंडी घालतो. तिथे तो बाजारात विकायला बंदी आहे, आखाताच्या बाजूला मे ते ऑगस्ट तो ठेवून घेता येत नाही, आणि एका मापाहून मोठा स्नूक वर्षभर पाण्यातच सोडावा लागतो, म्हणजे मोठ्या माद्या वाचतात. तिथल्याच तार्पन या माशावर २०१३पासून याहून कडक नियम आहेत. हे नियम हौशी लोकांवरच आहेत आणि त्यांच्यातल्या अनेकांनी ते उचलून धरले आहेत. माझी तक्रार एवढीच की विणीच्या दिवसांत धरून सोडण्याची मुभा तिथेही उरते. आपल्याकडे तर हौशी गळासाठी काळाचा असा नियमच नाही, म्हणून तो ज्याच्या हातात गळ आहे त्यानेच घालून घ्यावा लागेल.

तेव्हा कोकणात गळ टाकणाऱ्यांना विनंती आहे. १ जूनपासून नारळी पौर्णिमेपर्यंत खाडीच्या मुखाशी गळ टाकू नका, कायदा अडवत नसला तरी. एप्रिल-मेच्या तापलेल्या पाण्यात सोडून देण्यासाठी मासा धरू नका. खाण्यासाठी धरायचा तर लागतो तेवढाच धरा आणि घरी जा. तीन फुटांचा जिताडा चुकून लागलाच, तर त्याला पाण्याबाहेर न काढता दोरी कापा आणि जाऊ द्या, फोटोशिवाय.