धुराच्या मार्गावरील दोन साक्षीदार

पर्वतावर धूर दिसला म्हणजे तेथे अग्नी असलाच पाहिजे, हे अनुमान न्यायशास्त्राच्या पाठशाळांत शतकानुशतके घोकले गेले. परंतु जेथे अग्नी तेथे धूर असतोच, या उलट विधानाविषयी त्याच शास्त्रकारांनी जी सावधगिरी बाळगली, तिच्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, पण धूर नसतो. धुराला ओल्या इंधनाचा संयोग लागतो, आणि या अटीला त्यांनी उपाधी म्हटले. मोटारीच्या एक्झॉस्टमध्ये बसविलेल्या ऑक्सिजन सेन्सरचा विचार करताना मला ही चर्चा आठवते, कारण जो अग्नी सिलिंडरच्या आत कोणाच्याही दृष्टीआड जळतो, त्याचे स्वरूप केवळ त्याच्या धुरावरून ठरविण्याचे काम या लहानशा उपकरणाकडे सोपविलेले आहे.

बॉश कंपनीने विकसित केलेला हा सेन्सर व्होल्वोने अमेरिकेसाठी काढलेल्या १९७७ च्या मोटारींत प्रथम बसविला गेला. त्याच्या टोकाशी झिर्कोनिया या सिरॅमिकची टोपी असते. तिची बाहेरची बाजू धुरात आणि आतली बाजू बाहेरच्या मोकळ्या हवेशी जोडलेली. टोपी तीनशे अंशांपलीकडे तापली म्हणजे दोन्ही बाजूंच्या ऑक्सिजनमधील तफावतीमुळे अल्पसा विद्युत्-दाब निर्माण होतो, आणि त्याचा हिशेब वॉल्टर नेर्न्स्ट यांनी १८८९ साली मांडलेल्या समीकरणाने लागतो. पेट्रोलच्या एका भागास वजनाने हवेचे १४.७ भाग, हे प्रमाण साधले की तो दाब ०.४५ व्होल्टच्या आसपास असतो. पेट्रोल अधिक झाल्यास ०.९ कडे चढतो, हवा अधिक झाल्यास ०.१ कडे उतरतो. बाहेरच्या हवेशी संबंध तुटला तर हा साक्षीदार मुका होतो, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते.

हे सेन्सर नेमके कोठे असतात, हे शोधणे वाटते तितके सरळ नाही. पहिला, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या अलीकडे, बहुधा मॅनिफोल्डवर किंवा त्याच्या लगत, आणि दुसरा कन्व्हर्टरच्या पलीकडे, पुष्कळदा गाडीखाली. व्ही आकाराच्या इंजिनात सिलिंडरांच्या दोन रांगा असल्यामुळे सेन्सरही सहसा चार होतात. तेथे पहिली रांग म्हणजे डावी किंवा उजवी नव्हे, तर ज्या रांगेत पहिल्या क्रमांकाचा सिलिंडर आहे ती. इंजिन आडवे बसविलेले असेल तर एक रांग मागच्या पत्र्याकडे दडलेली असते, आणि पहिला सिलिंडर कोणता याची खातरजमा न करता पाना लावणारा कारागीर निर्दोष सेन्सर काढून टाकतो.

त्याहून सूक्ष्म अन्याय अर्थ लावताना होतो. सेन्सर ऑक्सिजन मोजतो, पेट्रोल नव्हे. एखाद्या सिलिंडरात ठिणगी पडली नाही तर न जळलेला ऑक्सिजन तसाच बाहेर येतो. सेन्सर आपल्या समोर जे आहे त्याची प्रामाणिक जबानी देतो, आणि इंजिनाचा कारभार पाहणारा संगणक हवा अधिक झाली असे समजून पेट्रोल वाढविण्याचा हुकूम सोडतो. सेन्सरच्या अलीकडे नळीला भेग पडून बाहेरची हवा आत शिरली तरी हेच घडते. नैयायिक ज्याला हेत्वाभास, म्हणजे सदोष हेतू, म्हणतात तो येथे साक्षीत नसून निर्णयात आहे, आणि तरीही दंड साक्षीदारालाच होतो, याचे मला दुःख वाटते.

ज्ञान स्वतःच प्रमाण असते की त्याचे प्रामाण्य अन्य साधनाने ठरते, हा मीमांसक आणि नैयायिक यांचा जुना वाद येथे उभा राहतो. मीमांसक कुमारिलांच्या मते ज्ञान उत्पन्न होताच प्रमाण मानले जाते, आणि बाधक कारण पुढे आल्यासच ते अप्रमाण ठरते. नैयायिक म्हणतात की पाण्याचे ज्ञान खरे होते हे तहान भागल्यावर कळते. दुसरा सेन्सर हा नैयायिकांच्या बाजूचा वाटतो. कन्व्हर्टर ऑक्सिजन साठवून सोडीत असल्यामुळे पहिल्याचा दाब सतत खालीवर होत असता दुसऱ्याचा बराचसा स्थिर राहिला पाहिजे. तोही पहिल्यासारखाच हेलकावू लागला तर कन्व्हर्टर निकामी होत आहे, असा दाखला मिळतो. परंतु प्रत्यक्ष गाडी चालते ती कुमारिलांच्या मताने: विरोध दिसेपर्यंत संगणक पहिल्या सेन्सरवर विश्वास ठेवतो, आणि तसे न केल्यास त्याला एक क्षणही कारभार करता येणार नाही.

मग दुसऱ्याची तपासणी कोणी करावयाची? तिसऱ्याने म्हटले तर अनवस्था, म्हणजे न संपणारी मालिका, ओढवते. नैयायिक उदयनाचार्यांनी शंकेला मर्यादा घातली ती अशी की, ज्या शंकेने शंका घेणाऱ्याचे स्वतःचे आचरणच असंगत ठरते, तेथे ती थांबते; भूक लागल्यावर जेवणारा मनुष्य अन्नाने भूक शमते की नाही याविषयी खरोखर साशंक नसतो. पुष्कळ मोटारींतील व्यवस्था याच दिशेने जाते. तिसरा साक्षीदार न नेमता, उतारावर चालकाने पाय उचलला की संगणक पेट्रोल बंद करतो. तेव्हा नळीतून केवळ हवा वाहू लागते, आणि सेन्सर शाबूत असेल तर दोन्हींचा दाब जवळजवळ शून्यावर आला पाहिजे. येथे प्रश्न दुसऱ्या उपकरणाला नव्हे, तर ज्या हवेशी तुलना करून सेन्सर आजवर बोलत आला, तिलाच विचारलेला असतो.