नेम

मराठीत ‘नेम’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो. बंदुकीचा नेम धरतात आणि एकादशीचाही नेम धरतात. एका नेमाने बाहेरची वस्तू टिपायची असते, दुसऱ्याने स्वतःला आवरायचे असते. शब्दांची ही सोयरीक योगायोगाची असेलही. परंतु शस्त्र आणि शस्त्रधारी यांच्याविषयी समाजाच्या मनात जो संभ्रम आहे, त्याची गाठ नेमकी येथेच पडलेली दिसते. शस्त्र शिकणारा यांपैकी कोणता नेम शिकतो? आणि बंदूकधाऱ्याकडे पाहून लोक कधी आदराने वाट देतात, तर कधी धास्तीने बाजूला सरतात, तेव्हा ते त्याच्या हाताकडे पाहत असतात की त्याच्या जातकुळीकडे?

या प्रश्नाचा विचार करण्यास झाशीइतके योग्य गाव क्वचितच सापडेल. तेथील किल्ल्यात ‘कडक बिजली’ आणि ‘भवानी शंकर’ या तोफा आजही प्रवाशांना दाखवल्या जातात. गोलंदाज गुलाम गौस खाँ, मोतीबाई आणि खुदाबक्ष यांची समाधिस्थानेही त्याच आवारात आहेत. 1858 च्या मार्च-एप्रिलमध्ये सर ह्यू रोजच्या सैन्याने या शहराला वेढा घातला, तेव्हा दक्षिणेच्या आशेने उत्तरेत आलेले वरसईचे विष्णुभट गोडसे शहरातच अडकले होते. त्यांचा ‘माझा प्रवास’ 1907 साली प्रसिद्ध झाला. शस्त्राशी ज्याचा जन्मात संबंध आला नाही अशा भिक्षुकाने वेढ्याकडे पाहावे, हा त्या पुस्तकाचा फार मोठा विशेष आहे. शौर्य आणि भय ही दोन्ही त्याला एकाच गल्लीत दिसली. वेढा घालणाऱ्यांनीही लिहून ठेवले आहे की, मोर्चांवर स्त्रिया राबत होत्या, दारूगोळा वाहत होत्या. राणीने स्त्रियांना शस्त्रविद्येत तयार केले, ही झाशीची अभिमानाची परंपरा आहे. त्या स्त्रिया शस्त्र बाळगण्यास लायक आहेत की नाहीत, हे तेव्हा कोणी विचारले नाही. तट ढासळत असताना परवाना संकटच देत असते. शांततेच्या काळात हाच प्रश्न किती बिकट होतो, ते पुढच्या इतिहासात दिसते.

त्याआधी 1857 ची एक बाब नीट पाहण्यासारखी आहे. एन्फिल्ड रायफलीचे काडतूस दातांनी तोडून दारू नळीत ओतावी, अशी कवायत होती. चरबीचा बोभाटा झाल्यावर सरकारने कवायत बदलली. काडतूस बोटांनी फाडावे असे ठरले. शिक्षणपद्धतीतील हा बदल तांत्रिक दृष्ट्या अगदी क्षुल्लक होता, आणि तो वेळेवर झाला असेही म्हणता येईल. तरीही एप्रिल 1857 मध्ये मेरठच्या कवायतीत नव्वदांपैकी पंच्याऐंशी घोडेस्वारांनी काडतुसे घेण्याचे नाकारले. ती जुन्याच प्रकारची होती आणि बोटांनीच फाडायची होती, हे विशेष. शिकवणाऱ्यावरचा विश्वास उडाला की शिकवण्याची रीत कितीही सुधारली तरी शिकणाऱ्याचा हात पुढे होत नाही. शस्त्रशिक्षणाच्या प्रत्येक सुधारणेमागे हा विश्वासाचा हिशेब असतो, आणि कवायतीच्या पुस्तकात त्याला रकाना नसतो.

उठाव मोडल्यावर राज्यकर्त्यांनी हिशेब सरळ केला. 1860 च्या कायद्याने निःशस्त्रीकरण आले आणि 1878 च्या शस्त्र कायद्याने परवान्याची अट घातली. त्या अटीतून युरोपीय मात्र वगळले गेले. म्हणजे माणसाची विश्वासार्हता त्याच्या जन्मावरून ठरली. काँग्रेसच्या आरंभीच्या अधिवेशनांत या कायद्याविरुद्ध ठराव होत राहिले. ते करणारे बहुतेक वकील आणि संपादक होते. त्यांतील किती जणांना बंदूक झाडायची होती, हा प्रश्न गमतीचा आहे. त्यांचे दुःख बंदूक नसल्याचे कमी आणि ‘तुम्ही बंदुकीस अपात्र’ या शेऱ्याचे अधिक होते. एका संबंध समाजाविषयी आगाऊ अविश्वास नोंदवून ठेवणे, हा अपमान त्यांना झोंबला.

ज्यांना खरोखर शिकायचे होते, ते रानात शिकले. काकोरी प्रकरणानंतर चंद्रशेखर आझाद झाशीच्या आश्रयास आले. ओरछ्याजवळ सातार नदीकाठी ते हरिशंकर ब्रह्मचारी या नावाने राहिले, आणि तेथल्या जंगलात नेमबाजीचा सराव चाले. त्यांच्या झाशीच्या सहकाऱ्यांत सदाशिवराव मलकापूरकर आणि विश्वनाथ वैशंपायन ही मराठी घरांतली मुले होती. भगवानदास माहौर त्यांचे सोबती. 1929 साली मलकापूरकर आणि माहौर भुसावळला पकडले गेले. 1930 मध्ये जळगावच्या न्यायालयात माहौर यांनी चोरून पोहोचवलेल्या पिस्तुलातून माफीच्या साक्षीदारांवर गोळ्या झाडल्या. जयगोपाल जखमी झाला. त्याचे आणि फणींद्र घोष याचे, दोघांचेही प्राण वाचले.

या प्रसंगापाशी नैतिक विचाराला थांबावेच लागते. न्यायालयात गोळी झाडणारा तरुण कायद्याच्या नजरेत गुन्हेगार होता आणि पुढे लोकांच्या नजरेत क्रांतिवीर ठरला. हे दोन्ही निवाडे त्याच्या नेमबाजीवर झाले नाहीत. नेम तर त्या दिवशी चुकलाच होता. निवाडा झाला तो हेतूवर, आणि हेतू कोणत्याही मैदानावर शिकवता येत नाही. ध्येयासाठी जिवावर उदार झालेल्याविषयी आदर बाळगूनही, न्यायासनासमोर कटघऱ्यातल्या माणसाच्या हाती पिस्तूल असावे असा नियम कोणी करणार नाही. आदर आणि नियम यांत अंतर राहणारच. ते बुजवण्याचा आग्रह धरणारे पोवाडा तरी लिहितात, नाहीतर फिर्याद.

स्वातंत्र्यानंतर 1951 साली राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली. तिचे संस्थापक आणि पहिले अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर, गांधीजींच्या चळवळीत तुरुंगवास भोगलेले. अहिंसेच्या अनुयायाने रायफलींचा कैवार घ्यावा यात अनेकांना विसंगती दिसेल. पण ज्या देशाला शस्त्रास अपात्र म्हटले गेले होते, त्या देशाने शस्त्र हाती घेऊन कागदाच्या वर्तुळावर समाधान मानणे, याहून अहिंसेला जवळचा सराव कोणता असेल? पन्नास मीटर रायफलीच्या लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ अवघे 10.4 मिलिमीटर व्यासाचे असते. तेथे श्वास आवरावा लागतो. बोट चापावर किती वेळ ठेवायचे नाही, हेच आधी शिकावे लागते. अंजली भागवत, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत यांच्या हातातील शस्त्र पाहून कोणाला भय वाटले नाही. 2024 साली पॅरिसला कांस्यपदक मिळवणारा स्वप्नील कुसाळे कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचा आणि रेल्वेचा नोकर. त्याच्या रायफलीने गावाला गुलाल दिला.

बुंदेलखंडात मात्र बंदूक खांद्यावर असते, आणि ती बहुधा दागिन्यासारखी वापरली जाते. 2016 अखेरच्या सरकारी आकडेवारीनुसार देशातील सुमारे 33.69 लाख शस्त्रपरवान्यांपैकी 12.77 लाख एकट्या उत्तर प्रदेशात होते. बंदूकवाला दिसला की तो उद्दाम असणार, असा शहरी वाचकाचा ग्रह असतो. तो सर्वस्वी खोटा नाही, पण आळशी आहे. ठाण्यापासून कोसभर दूर, दरोड्यांची आठवण ताजी असलेल्या वस्तीतल्या शेतकऱ्याला बंदूक ही रात्रीची सोबत वाटली, तर त्याला दरडावण्याचा अधिकार दाराशी शिपाई असलेल्यांना कितपत आहे? तोच शेतकरी मात्र पुतण्याच्या वरातीत आकाशाकडे नळी रोखून बार काढतो, तेव्हा त्याची बाजू लंगडी पडते. वर गेलेली गोळी खाली येते, आणि ती पाहुणा, वाजंत्री, पोर असा भेद करीत नाही. त्या क्षणी हातात कौशल्य असते, भीतीचे कारण काहीच नसते. नसतो तो फक्त दुसरा नेम.

कायद्याने याचा विचार उशिरा केला. 1959 च्या कायद्याने माणूसवार परवाना दिला. 2016 च्या नियमांनी अर्जदाराने सुरक्षित हाताळणी, वाहतूक, साठवण यांचे शिक्षण घेतल्याचा दाखला मागितला. 2019 च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाकडील बंदुका तिनांवरून दोनांवर आणल्या आणि आनंदाच्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. जन्मावरून ठरणारी पात्रता शिकण्यावरून ठरू लागली, ही वाट थोडी नव्हे. तथापि दाखला हाताचा मिळतो. वरातीत सोयरे ‘एक बार होऊन जाऊ द्या’ म्हणतात, तेव्हा नाही म्हणण्याची परीक्षा कोणताही प्रशिक्षक घेत नाही. ती सोयऱ्यांसमोर, बँडच्या गोंगाटात द्यावी लागते, आणि तीत उत्तीर्ण झालेल्याला गावात भित्रा म्हणतात.

निवडणूक जाहीर झाली की परवानाधारकांना बंदुका ठाण्यात किंवा बंदुकीच्या दुकानात जमा कराव्या लागतात. पावती घेऊन माणूस रिकाम्या खांद्याने घरी येतो. त्या काही आठवड्यांत गाव त्याच्याकडे कसे पाहते, हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.