राष्ट्ररचनेचा खेळ आणि काळाची निवड

खेळ हा विषय गंभीर लेखणीस शोभणारा नव्हे, असा समज आपल्या सुशिक्षित वर्गात बराच रूढ आहे. डच इतिहासकार योहान हॉइझिंगा ह्यांनी १९३८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘होमो लुडेन्स’ ह्या ग्रंथात ह्याच्या नेमके उलट प्रतिपादन केले. संस्कृतीतून खेळ निघाला असे नसून खेळातूनच संस्कृतीची पुष्कळ अंगे आकारास आली, असे त्यांचे म्हणणे होते. हे मत सर्वांशी मान्य नसणाऱ्यासही एवढे कबूल करावे लागेल की, मनुष्य कशाचा खेळ मांडतो ह्यावरून तो कशास महत्त्व देतो हे कळून येते. आपल्याकडे मुली भातुकली मांडतात तो संसाराचा खेळ होय. मुले दिवाळीत मातीचा किल्ला करतात तो राज्याचा खेळ होय. पहिल्यात घर कसे असावे ह्याची, आणि दुसऱ्यात राज्य कसे असावे ह्याची एक कल्पना नकळत बालमनात रुजत असते.

ह्या दुसऱ्या जातीच्या खेळाचे एक प्रौढ रूप अलीकडे तरुणांत दिसू लागले आहे. आठ-दहा जण एकत्र बसतात. इतिहासातील एक काळ निवडतात. मग कोणी राजा, कोणी सेनापती, कोणी सावकार, कोणी शेतकरी, कोणी धर्मगुरू अशा भूमिका वाटून घेतात आणि सर्व मिळून एक राष्ट्र घडवितात. कर किती घ्यावा, तह करावा की लढावे, दुष्काळात कोठारे केव्हा उघडावी, हे सारे त्यांनी आपापसांत वाद घालून ठरवावयाचे असते. प्रशियाच्या सैन्यात १८२४ च्या सुमारास अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी युद्धाचा असाच एक खेळ रूढ झाला होता. पुढे १९७४ साली अमेरिकेत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ निघाला आणि भूमिका घेऊन खेळण्याची रीत जगभर पसरली. आमच्या उमेळे गावातील काही महाविद्यालयीन तरुणांतही हा खेळ आला आहे. त्यांच्या बैठकीत पहिला वाद झाला तो नियमांविषयी नव्हे, तर काळ कोणता घ्यावा ह्याविषयी. हा प्रश्न वरवर पाहता केवळ आवडीनिवडीचा वाटतो. आमच्या मते तो नीतीचा प्रश्न आहे, आणि म्हणूनच त्याचा येथे विचार करण्याचे योजिले आहे.

वसई प्रांतात राहणाऱ्यास काळांचा तोटा नाही. सोपाऱ्यास १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी ह्यांना अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा सापडला. म्हणजे मौर्यांच्या राज्याचा एक धागा आमच्या अंगणापर्यंत आलेला आहे. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांस दिली. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी ती जिंकली. ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्याच वसईस दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला. एवढी समृद्ध यादी समोर असता आमच्या तरुणांचे बहुमत क्षणात १७३९ कडे वळले, आणि ते स्वाभाविकही आहे. किल्ला गावापासून काही मैलांच्या आत आहे. भीमाशंकर, नाशिकचे नारोशंकर आणि वाईजवळचे मेणवली येथील मंदिरांत त्या मोहिमेतून नेलेल्या घंटा आजही दाखविल्या जातात. वज्रेश्वरीचे देवालय चिमाजी अप्पांच्या नवसाची साक्ष देते. इतका जवळचा आणि इतका दिमाखाचा काळ सोडून दुसरीकडे कोण जाईल?

येथे आम्ही एक भेद करू इच्छितो. उत्सव निराळा आणि खेळ निराळा. उत्सवात जे घडून गेले तेच पुन्हा घडावे अशी इच्छा असते. रामजन्माच्या कीर्तनात राम जन्मास येणार की नाही ह्याची कोणास शंका नसते, आणि असू नये. खेळात मात्र शेवट आधी ठाऊक असून चालत नाही. शेवट ठाऊक असेल तर ते प्यादी हलविणे झाले, खेळणे नव्हे. आता १७३९ चा डाव मांडल्यावर वसई पडली नाही, वेढा उठला आणि मराठी फौज परत गेली, असा शेवट आमचे तरुण मनापासून स्वीकारतील काय? स्वीकारणार नसतील तर ते उत्सव करीत आहेत. उत्सव करण्यास आमची ना नाही. त्या विजयाचा अभिमान आम्हांसही आहे. परंतु उत्सवास खेळ म्हटले की त्यात एक खोटेपणा शिरतो, आणि त्या खोटेपणाची किंमत बैठकीतील कोणा एकास मोजावी लागते.

ती कोणास मोजावी लागते, हे उमेळ्यात सांगावयास नको. वसईत हिंदू आणि ख्रिस्ती शेजारी-शेजारी राहतात. १७३९ चा डाव मांडला की ‘फिरंगी कोण होणार?’ हा प्रश्न निघतो, आणि सर्वांच्या माना न सांगता एखाद्या ख्रिस्ती मित्राकडे वळतात. ह्यात दुष्टावा नसतो, पण अज्ञान असते. वसईचा ख्रिस्ती समाज बहुतांशी ह्याच मातीतील आहे. सामवेदी, वाडवळ, कोळी अशा इथल्याच समाजांतील लोकांचे धर्मांतर झाले; त्यांची बोली आणि त्यांची वाडी इथलीच राहिली. २०२० साली उस्मानाबाद येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे वसईचेच होते. अशा समाजातील मुलास लिस्बनच्या राजाचा सरदार करून टाकणे म्हणजे त्याच्या घराण्याचा इतिहास त्याला न विचारता लिहून ठेवणे होय. १७३९ च्या शरणागतीच्या अटींतदेखील मागे राहणाऱ्या ख्रिस्ती प्रजेच्या धर्माचरणाचा विचार झाला होता. जिंकणाऱ्या सेनापतीने रयत आणि सत्ताधीश ह्यांत जो भेद केला, तो पावणेतीनशे वर्षांनंतरच्या पदवीधरांस करता येऊ नये, हे शोभण्यासारखे नाही.

मग १७३९ ऐवजी १८०२ घ्यावे काय? ह्या दोन तारखांमध्ये त्रेसष्ट वर्षांचेच अंतर आहे. ज्या वसईत मराठ्यांनी एका युरोपीय सत्तेस बाहेर काढले, त्याच वसईत मराठ्यांच्या पेशव्याने दुसऱ्या युरोपीय सत्तेची फौज आपल्या मुलखात कायम ठेवून घेण्याचे आणि परराज्यांशी व्यवहार तिच्या संमतीने करण्याचे मान्य केले. पहिल्या तारखेचा किल्ला करणाऱ्या मुलास दुसरी तारीख ठाऊक असावी, ह्यात शंका नाही. तथापि खेळासाठी हाही काळ अपुरा आहे. यशवंतराव होळकरांनी ऑक्टोबरात पुण्याजवळ पराभव केल्यावर आश्रयास आलेल्या बाजीरावास फारसे पर्याय उरले नव्हते, आणि त्याच्या रयतेस तर कोणी काही विचारलेच नव्हते. अशा डावात एक-दोघे खेळतात आणि बाकीचे बघत बसतात.

ह्यावरून काळाच्या निवडीची एक कसोटी हाती येते. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स ह्यांनी १९७१ च्या आपल्या ग्रंथात असे सुचविले की, समाजाचे नियम ठरविताना आपण त्या समाजात कोण म्हणून जन्मणार हे आपणांस ठाऊक नाही असे मानावे. मग मनुष्य सर्वांत खालच्या माणसाचीही काळजी घेईल. हीच युक्ती आमच्या तरुणांस वापरता येईल. आधी काळ ठरवावा आणि भूमिकांच्या चिठ्ठ्या मागाहून उचलाव्या. आपल्या वाट्यास पेशवाई येईल की वेठ, हे ठाऊक नसताना जो काळ सर्वांस पत्करेल तो घ्यावा. भूमिका चिठ्ठीने येणार असल्यामुळे ‘फिरंगी तूच हो’ हे आपोआप बंद पडेल.

परंतु ह्या युक्तीत एक अडचण आहे. ती जशीच्या तशी लावली तर कोणीही भूतकाळात जाणारच नाही. इतिहासातील प्रत्येक काळी बहुसंख्य लोक दारिद्र्यात, सक्तीच्या श्रमात किंवा अस्पृश्यतेच्या जाचात होते. चिठ्ठीत तेच येण्याचा संभव अधिक. म्हणून आम्ही कसोटी थोडी बदलतो. खालच्या भूमिकेत सुख असलेच पाहिजे असे नाही. पण तिला काहीतरी करता आले पाहिजे. तिच्या होकाराने अथवा नकाराने डाव बदलला पाहिजे. ज्या काळात शेवट खरोखर अनिश्चित होता, आणि सर्वांत खालच्या माणसाच्याही हाती एक चाल होती, तो काळ राष्ट्ररचनेच्या खेळास योग्य होय.

असा काळ आमच्या मते १९४५ हा आहे. न्यूयॉर्कच्या बार्नार्ड कॉलेजातील इतिहासाचे अध्यापक मार्क कार्न्स ह्यांनी विद्यार्थ्यांस भूमिका देऊन इतिहास शिकविण्याची जी पद्धती घातली, तिच्यातील एक खेळ ह्याच वर्षावर रचलेला आहे. स्थळ सिमला आणि प्रश्न हा की, इंग्रज गेल्यावर हिंदुस्थानचे काय करावयाचे. विद्यार्थी काँग्रेस, मुस्लिम लीग इत्यादींचे प्रतिनिधी होतात, आणि फाळणी होईलच असे त्या खेळात गृहीत धरलेले नसते. प्रत्यक्षातही जून-जुलै १९४५ मध्ये व्हाइसरॉय वेव्हेल ह्यांनी सिमल्यास पुढाऱ्यांस बोलाविले तेव्हा पुढचे कोणास दिसत नव्हते. अनिश्चिततेची अट येथे पुरी होते.

दुसरी अट मात्र सिमल्यात पुरी होत नाही. त्या परिषदेत प्रांतांचे पंतप्रधान होते, लीग होती, शीख होते, अनुसूचित जातींचे प्रतिनिधी होते. आदिवासींसाठी वेगळी खुर्ची नव्हती. आणि त्याच वर्षी, त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील उंबरगाव व डहाणू तालुक्यांत, म्हणजे वसईहून त्याच लोहमार्गाने उत्तरेस गेले असता लागणाऱ्या मुलखात, वारली उठले होते. जमीनदारांची वेठ करावयाची नाही, लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायकोने लग्नगडी म्हणून राबावयाचे नाही, आणि गवतकापणीची वाजवी मजुरी मिळाल्यावाचून विळा उचलावयाचा नाही, हे त्यांचे निश्चय होते. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला आणि जेठ्या गांगड ह्यांच्यासह पाच जण प्राणास मुकले. गोदावरी परुळेकर ह्यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ ह्या पुस्तकात हा लढा सांगितला आहे. सिमल्याची परिषद फसली. वारल्यांची वेठ मात्र त्या लढ्याने मोडली. राष्ट्ररचना ह्या शब्दाचा अर्थ कोणी कोणाचे राबणे फुकट घेऊ नये असाही असेल, तर त्या वर्षी सिमल्यापेक्षा अधिक राष्ट्ररचना डहाणूच्या रानात झाली असे म्हणावे लागेल.

म्हणून आमची सूचना अशी की, काळ १९४५ घ्यावा, परंतु टेबलाभोवती एक खुर्ची अधिक मांडावी. वारली शेतमजूर ही भूमिका चिठ्ठ्यांत असावी, आणि व्हाइसरॉयच्या भूमिकेइतकाच तिला बोलण्याचा वेळ असावा.

ह्यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, फाळणीची जखम अद्याप ओली आहे. जिनांची भूमिका ज्याच्या वाट्यास येईल त्यास शिव्या खाव्या लागतील. आक्षेप खरा आहे. पण आपल्याला न पटणारी बाजू तिच्या सर्व बळानिशी मांडावयास शिकणे हाच ह्या खेळाचा मुख्य लाभ होय, आणि ती बाजू चिठ्ठीने आली आहे, जन्माने नव्हे, हे सर्वांसमोर घडलेले असल्यामुळे डाव संपल्यावर तो माणूस पुन्हा आपला शेजारी होतो. दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. पोटभर जेवून पंख्याखाली बसलेल्या तरुणाने वेठबिगाराचे सोंग आणणे ही त्या दुःखाची थट्टा नव्हे काय? दुःखाचे सोंग आणल्यास ती थट्टाच होईल. परंतु येथे भूक अथवा मार ह्यांचा अभिनय करावयाचा नसून निर्णय करावयाचा आहे: आज विळा ठेवला तर उद्या घरात काय शिजेल, आणि नाही ठेवला तर मुलगाही लग्नगडीच होईल काय? हा हिशेब ज्याने एकदा वारल्याच्या जागी बसून मांडला, त्यास वेठ हा शब्द परीक्षेपुरता पाठ करावा लागणार नाही. आमचा पालघर जिल्हा २०१४ साली ठाण्यातून वेगळा झाला आणि त्यात आदिवासींची वस्ती मोठी आहे. त्या बैठकीत एखादा वारली तरुण असेल, तर त्यालाही व्हाइसरॉयची चिठ्ठी येऊ शकली पाहिजे.

मुलांनी दिवाळीत वसईचा किल्ला जरूर करावा, बुरुजांवर मावळे आणि वर भगवा लावावा; त्या आनंदात आम्हीही सहभागी आहोत. पण ज्या वयात मनुष्य मत देऊ लागतो, त्या वयात त्याने मांडावयाचा राज्याचा खेळ निराळा आहे. त्यात पूर्वजांचा विजय आयता मिळत नाही. समोर बसलेल्या दहा माणसांतील प्रत्येकास राहण्याजोगे राष्ट्र आपल्याला घडविता येते की नाही, एवढेच त्यात कळते.