पन्नास माणसांचं नाणं

"पन्नास माणसांच्या बेटाला कसलं आलंय नाणं? नुसता धंदा आहे तो!" एक जुने नाणेसंग्राहक परवा म्हणाले आणि ते वाक्य डोक्यातून जाईना. विषय होता पिटकेर्न, दक्षिण पॅसिफिकमधला ब्रिटनचा मुलूख. 'बाउंटी' या ब्रिटिश जहाजावरच्या खलाशांनी कप्तानाविरुद्ध बंड केलं होतं. त्या बंडखोरांचे आणि ताहितीच्या बायकांचे वंशज तिथे राहतात. विमानतळ नाही. व्यवहार न्यूझीलंडच्या डॉलरमध्ये चालतो. तरी १९८८ पासून पिटकेर्नच्या नावानं सोन्याचांदीची नाणी निघतात.

हातोहात झिजतं ते नाणं पैसा, डबीत चकाकत राहतं ते नव्हे, हा माझा जुना हिशेब. त्यानुसार त्या गृहस्थांचं म्हणणं मला पटायला हवं होतं. पण २०२३ मध्ये नव्या संसद भवनानिमित्त आपल्या सरकारनं ७५ रुपयांचं नाणं काढलं, ते देऊन कोण भाजी आणतं? मोठ्या देशाचा तो गौरव आणि पन्नास माणसांचा धंदा, हा न्याय मला मान्य नाही.

शिवाय धंद्यात वाईट काय? १९४० पासून पिटकेर्ननं टपाल तिकिटं विकली, जगभरच्या संग्राहकांनी ती घेतली, त्या पैशातून बेटावर शाळा उभी राहिली.

विकायला बंडाची गोष्ट आहेच, पण ती अर्धीच सांगितली जाते. 'बाउंटी'वर खरं तर नीरफणसाची रोपं होती. आपण कोकणात ज्याच्या कापा तव्यावर परततो, तोच नीरफणस. वेस्ट इंडीजच्या मळ्यांवरच्या गुलामांना स्वस्तात जेवू घालायला तो निघाला होता. बंडखोरांनी रोपं समुद्रात फेकली. बंडाची गोष्ट रंगवून सांगताना हे गुलाम बहुतेकदा गळतात, याचं मला फार वाईट वाटतं.

पिटकेर्नचं पहिलं नाणं मात्र बंडाचं नव्हतं. ते १८३८ च्या राज्यघटनेच्या दीडशेव्या वर्षाचं होतं. त्या घटनेनं बेटावरच्या बायकांना मत दिलं. ब्रिटनमधल्या बायकांना १९१८ पर्यंत थांबावं लागलं, तेही तिशी उलटलेल्यांनाच मिळालं. हे सांगणारं नाणं खिशात झिजलं नाही म्हणून खोटं कसं ठरवू?

मग पॅसिफिकमधल्याच न्युए बेटाच्या नावानं निघालेल्या 'स्टार वॉर्स'च्या नाण्यांचं काय? त्यांच्यावर मी तुटून पडणार होतो. पण बेटानं फक्त स्वतःचा इतिहासच विकावा, हे इथं बसून मी कोण सांगणार? माझी मागणी आता एवढीच उरली आहे. डबीतल्या प्रमाणपत्रावर धातूचं वजन आणि शुद्धता छापतात, त्याखाली किमतीतला किती वाटा बेटाला जातो तेही छापावं.