शेवटच्या शेताचे पाणी

कृष्णा एक्स्प्रेस रात्री आदिलाबादहून निघते, किनवट, मुदखेड, निजामाबाद करीत पहाटे हैदराबादेत येते आणि दुपारी विजयवाड्याला पोचते. यंदा श्रावणात एके दिवशी मी एकटाच तिच्यात बसलो. "देवीला का?" सौ.ने विचारले होते. हैदराबादेतल्या आमच्या गल्लीतून जो तो विजयवाड्याला कनकदुर्गेच्या दर्शनालाच जातो. मी म्हटले, "नाही, कालवे बघायला." ती काही बोलली नाही, डबा मात्र भरून दिला.

कारण सांगायला हवे. माझे गाव सांगली जिल्ह्यातले. कराडजवळच्या खोडशीच्या बंधाऱ्यावरून इंग्रजी अमदानीत काढलेला कृष्णा कालवा आमच्या शिवारातून जातो. आमचे शेत चारीच्या तोंडाशी. चारीच्या शेवटाला एका कुटुंबाची दोन एकर जमीन. शेजपाळीचा दंडक असा की, पाणी आधी शेवटच्या शेताला द्यायचे आणि मग चढत चढत तोंडाकडे यायचे. म्हणजे जो तोंडाशी आहे, त्याने डोळ्यांसमोरून वाहणारे पाणी हात न लावता पुढे जाऊ द्यायचे. 1972 च्या दुष्काळात एका रात्री वडिलांनी हा दंडक मोडला. दारे फोडून पाणी आमच्या उसाकडे वळवले. मी तेव्हा बारा वर्षांचा. कंदील धरून उभा होतो. पाळी संपली, ऊस तगला. शेवटच्या शेतातला शाळू वाळला आणि ते कुटुंब दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले. कुणी भांडायला आले नाही. पुष्कळ वर्षांनी अंथरुणाला खिळल्यावर वडील एकदाच म्हणाले, "त्यांचं पाणी द्यायचं राहिलं."

पैशाचे देणे फेडता येते. पाण्याचे कसे फेडायचे? त्या वेळी न मिळालेले पाणी नंतर विहीरभर दिले, तरी ते पीक काही उठून उभे राहत नाही.

आषाढात धाकट्या भावाचा फोन आला. शेवटच्या शेतांपर्यंत पाइपलाइन न्यायचे चालले आहे आणि ती आमच्या शेतातून जाणार. सातबाऱ्यावर माझेही नाव आहे, तेव्हा संमती हवी. "दादा, उभा ऊस मोडतोय. आपण काही बांधील नाही. तू सरळ नको म्हण." मी म्हणालो, "बघतो."

खरे तर बघण्यासारखे घरातच होते. हैदराबादेने आधी मुसीच्या खोऱ्यातल्या उस्मानसागर-हिमायतसागरचे पाणी प्यायले, मग मांजरेचे. ती मांजरा बीडच्या डोंगरात उगवते आणि लातूर, बीदर करीत इकडे येते. 2004 पासून नागार्जुनसागराच्या बाजूने कृष्णेचे पाणी शहराला मिळू लागले. म्हणजे गावी मी पाण्याच्या तोंडाशी होतो आणि इथे नळाखाली घागर लावून शेवटाला उभा आहे. माणूस तोच, नदीही तीच. तरी गावच्या शेताबद्दल बोलताना मी "आमचे पाणी" म्हणतो आणि इथे नळ कोरडा राहिला की "आमच्या हक्काचे पाणी" म्हणतो. सोयीप्रमाणे बदलणाऱ्या या शब्दाला हक्क म्हणावे का?

दुपारी विजयवाड्याला उतरून प्रकाशम बॅरेजवर गेलो. महाबळेश्वरी गोमुखातून करंगळीएवढी पडणारी कृष्णा इथे किलोमीटरभर रुंद आहे. 1832-33 च्या दुष्काळात गुंटूरच्या मुलखात माणसे अतोनात मेली. नदी उशाशी वाहत होती आणि शेते कोरडी होती. पुढे आर्थर कॉटन यांच्या आग्रहाने 1852 ते 1855 या काळात कॅप्टन ऑर यांनी इथे बंधारा बांधला आणि त्याच्या दोन्ही अंगांनी कालवे निघाले. 1889 मध्ये निजामाच्या मुलखातून रेल्वे इथवर आली. त्याआधी या कालव्यांतून होड्या चालत, आणि भाताची पोती पाण्यावरून बंदरापर्यंत जात. 1952 मध्ये जुना बंधारा फुटला; 1957 मध्ये हे नवे बॅरेज उभे राहिले आणि त्याला टंगुटूरी प्रकाशम यांचे नाव दिले.

एलुरू, बंदर आणि रायव्हस असे तीन कालवे शहराच्या पोटातून जातात. मी बंदर कालव्याच्या काठाने चालू लागलो. गढूळ, भरलेले, घाईचे पाणी. कुठे काठावर धुणी, कुठे प्लॅस्टिकच्या पिशव्यांचा गठ्ठा अडकलेला. झाडाखाली एक वयस्क गृहस्थ बसले होते. माझी तेलुगू ऐकून त्यांनी विचारले, "कुठले?" मी हैदराबाद म्हणालो. "ते कळलं. मूळचे कुठले?" मी गावाचा पत्ता सांगितला. ते हसले. "म्हणजे एगुवचे." एगुव म्हणजे वरचे, दिगुव म्हणजे खालचे, तेलुगू वर्तमानपत्रांत हे शब्द नेहमी दिसतात. त्यांचे शेत समुद्राच्या बाजूला, कालव्याच्या अगदी शेवटाला. पाणी कमी पडले की तिथे नुसते पीक जात नाही, जमिनीत खार चढतो. "वरची माणसं पाणी सोडतात तेव्हा लावणी होते," ते म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती. पावसाबद्दल बोलावे तसे ते माझ्याबद्दल बोलत होते, आणि तेच मला लागले.

बच्छावत लवादाने 1973 मध्ये कृष्णेची वाटणी केली: महाराष्ट्राला 560 टीएमसी, कर्नाटकाला 700, आंध्रला 800. वर्षानुवर्षे चालत आलेल्या वापराला त्यात संरक्षण मिळाले. 2014 मध्ये तेलंगण वेगळे झाले आणि त्या 800 चीही वाटणी आली. आकडे हवेतच, त्यांच्याशिवाय बळजोराचे राज्य होते. पण पहिल्याने वापरले म्हणून हक्क, की उगम आमच्याकडे म्हणून हक्क, हा वाद मनात घोळवताना दोन्ही बाजू मला अपुऱ्या वाटल्या. उगमाशी जन्मणे हे काही कुणाचे कर्तृत्व नाही. मात्र वरचा तो सुखी, हेही खरे नाही. आटपाडी आणि जत कृष्णेच्याच खोऱ्यात आहेत. तिथल्या माणसांनी टँकरमागे धावण्यात हयात घालवली. त्यांना "तुम्ही वरचे, तुम्ही सोडा" असे कुठल्या तोंडाने सांगणार?

मग कळते की वरचा आणि खालचा या दोन जाती नव्हेत. प्रत्येक जण कुणाच्या तरी वर आणि कुणाच्या तरी खाली असतो. आपण सीमेवरची माणसे हे चांगले ओळखतो. एका कचेरीत आपली भाषा वरची ठरते, चार कोसांवरच्या दुसऱ्या कचेरीत खालची. खाली असताना आपण न्याय मागतो आणि वर असताना उपकार करतो. अडचण तिथेच आहे. शेजपाळीत उपकाराला जागाच नाही. शेवटच्याला आधी द्यायचे ते दया येते म्हणून नव्हे. तोंडाशी असलेल्याला पाणी केव्हाही घेता येते, म्हणूनच त्याने थांबायचे.

उठताना त्या गृहस्थांनी आणखी एक सांगितले. 2015 पासून पट्टिसीमेहून गोदावरीचे पाणी उपसून इथे बॅरेजच्या वर आणून सोडतात. कृष्णेने दगा दिला तरी लावणी होते. म्हणजे समोरच्या कालव्यात त्र्यंबकेश्वराचे पाणीही असणार. कुठले थेंब कुणाचे, हे काठावरून सांगता येईना.

परतीच्या गाडीत डबा उघडला. खम्मम गेल्यावर भावाला फोन लावला.

"संमती देतोय," मी म्हणालो.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तुझ्याही वाट्याचा ऊस मोडणार, दादा."

"मोडू दे."

"अण्णांचं फिटलं असं वाटतंय का तुला?"

"नाही," मी म्हणालो. "ते फिटायचं नाही. आता अडवायचं नाही, एवढंच आपल्या हातात आहे."

घरी पोचलो तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. ओट्यावर सौ.ने तांब्या झाकून ठेवला होता. तहान लागली होती. उभ्याने न पिता मी खाली बसलो, आणि मग ते पाणी प्यालो.