शब्दाला कोण जागणार?

गेल्या पावसाळ्यात आमच्या हातून एक प्रमाद घडला. त्याची कबुली देऊनच या लेखाचा आरंभ करणे आम्हांस उचित वाटते.

त्या आठवड्यात धर्मग्रामात तीन अंत्यविधी झाले. तिसऱ्याच्या आदल्या रात्री प्रवचनाची तयारी करण्याइतके त्राण आमच्यात उरले नव्हते. आम्ही संगणक उघडला. एका वृद्ध मातेचे नाव, वय, चार मुले, नित्य मिस्सेला येण्याचा परिपाठ, एवढीच माहिती कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राला दिली आणि प्रवचन मागितले. अर्ध्या मिनिटात ते पडद्यावर उमटले. भाषा प्रासादिक होती, धर्मसिद्धांतात चूक नव्हती. दुसऱ्या दिवशी आम्ही ते वाचले. काहींचे डोळे पाणावले. मिस्सेनंतर थोरल्या मुलीने आमचे हात हाती घेऊन आभार मानले. तिच्या नजरेला नजर देणे मात्र आम्हांला जमले नाही.

का जमले नाही? प्रवचनातले एकही वाक्य असत्य नव्हते. दुःखितांना धीर मिळाला होता. मग चुकले ते काय?

कृत्रिम बुद्धिमत्ता हे नाव तसे जुने. १९५६ साली अमेरिकेतील डार्टमथ येथे भरलेल्या विद्वानांच्या मेळाव्यापासून ते रूढ झाले. परंतु ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी सर्वांना खुले झाले आणि प्रयोगशाळेतील विषय थेट आपल्या ओसरीवर आला. हे यंत्र अफाट लिखित मजकुरावर शिकवलेले असते. एका शब्दामागून कोणता शब्द येणे संभवनीय आहे, याचे गणित मांडीत ते वाक्य रचते. या विद्येचा पाया घालणाऱ्यांपैकी एक, जेफ्री हिंटन, २०२३ साली गूगलमधून बाहेर पडले आणि तिच्या धोक्यांविषयी उघड बोलू लागले. खोट्या चित्रफिती, बुडणारे रोजगार, स्वतःच लक्ष्य निवडणारी शस्त्रे, ही भये खरी आहेत. १४ जून २०२४ रोजी इटलीत जी-७ राष्ट्रांच्या परिषदेपुढे बोलताना पोप फ्रान्सिस यांनी बजावले की, मनुष्याचा प्राण घेण्याचा निर्णय कोणत्याही यंत्रावर कधीही सोपवू नये.

आमचा प्रमाद त्या मानाने क्षुल्लक. तरीही मुळाशी प्रश्न तोच आहे. माणसाने दुसऱ्या कोणावर सोपवूच नये, असे काम कोणते?

हा प्रश्न फार पूर्वी एका संशोधकाला छळून गेला होता. जोसेफ वायझेनबॉम यांनी १९६६ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत ‘एलायझा’ नावाची संगणकप्रणाली तयार केली. मानसोपचारतज्ज्ञ रुग्णाशी बोलतो तशी ती बोले. खरे तर समोरच्याचेच वाक्य उलटवून ती त्याचा प्रश्न करी. वायझेनबॉम यांच्या चिटणीस बाईंनी ती तयार होताना पाहिली होती. आत कोणी नाही, हे त्या जाणत होत्या. तरीही दोनचार वाक्ये झाल्यावर त्यांनी वायझेनबॉमना खोलीबाहेर जाण्यास विनवले, कारण त्यांना एकांत हवा होता! वायझेनबॉम हादरले. यंत्र बुद्धिमान होते, म्हणून नव्हे. ऐकून घेणाऱ्याची माणसाला केवढी भूक आहे आणि ती किती थोडक्यात फसते, हे त्यांना दिसले.

एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेतील ‘कॅथलिक आन्सर्स’ या संस्थेने ‘फादर जस्टिन’ नावाचा संगणकीय धर्मगुरू लोकांपुढे आणला. त्याने एका प्रश्नकर्त्याला चक्क पापक्षमाही दिली. टीका होताच काही दिवसांत त्याचा झगा उतरला, ‘फादर’ ही उपाधी गेली आणि तो नुसता जस्टिन झाला. आम्हीही त्या बातमीवर हसलो होतो. आता वाटते, आमच्या अंगावरचा झगा खरा होता, एवढाच काय तो फरक.

कोणी म्हणेल, धर्मगुरू पूर्वीपासून छापील प्रवचनसंग्रह वापरीत आले आहेत. मग यंत्रालाच दोष का? आक्षेप रास्त आहे. उसनवारी हे आमचे खरे पाप नव्हते. संग्रहातले प्रवचन घेऊनही त्या संध्याकाळी आम्ही मृताच्या घरी जाऊन बसू शकलो असतो. यंत्राने इतके बेमालूम काम केले की जाण्याची गरजच भासली नाही. आमचे लिहिण्याचे कष्ट वाचले, ते ठीक. परंतु भेटही वाचली, आणि ती तर वाचवण्याची गोष्टच नव्हती.

आपल्या मराठीत शब्द नुसता बोलत नाहीत. शब्द देतात, शब्द पाळतात, शब्दाला जागतात. शब्द देणाऱ्याला उद्या कोणी दारात येऊन जाब विचारू शकतो. यंत्र हवे तितके शब्द पुरवील. पण त्याला शब्द देता येत नाही. ‘मी तुमच्या दुःखात सहभागी आहे’ हे वाक्य ते निर्दोष लिहील. मात्र त्या वाक्याची किंमत मोजायला, रात्र जागायला, तेथे कोणीच नाही. ती किंमत आपण मोजायची असते.

म्हणून यंत्र टाकून द्यावे, असे आम्ही म्हणत नाही. अंधाला पत्र वाचून दाखवण्यास, हिशेब तपासण्यास, परभाषेतला मजकूर समजून घेण्यास ते अवश्य वापरावे. व्हॅटिकनने जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘अँटिक्वा एत नोव्हा’ या टिपणातही कृत्रिम बुद्धिमत्ता ही मानवी बुद्धीची निर्मिती आहे, तिची बदली नव्हे, अशीच भूमिका आहे. ८ मे २०२५ रोजी निवडून आलेल्या पोप लिओ चौदावे यांनी आपल्या नावाचा संबंध लिओ तेरावे यांच्या १८९१ सालच्या ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकाशी जोडला. तेव्हा कारखान्यातील कामगारांच्या श्रमांची प्रतिष्ठा पणाला लागली होती. आज बुद्धीच्या श्रमांसोबत मायेचे श्रमही पणाला लागले आहेत. आजारी मित्राला पत्र, रुसलेल्या भावाची क्षमायाचना, मुलाच्या अवघड प्रश्नाचे उत्तर, हे लिहिताना अडखळणे हाच त्यातला आपला वाटा आहे.

महिन्याभराने आम्ही त्या घरी गेलो आणि थोरल्या मुलीला सारे सांगितले. ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, “फादर, आई कष्टाळू, प्रेमळ, प्रार्थनाशील होती, असं तुम्ही म्हणालात. ते कोणाच्याही आईबद्दल खरंच असतं. बसा, चहा ठेवते.”

त्या दुपारी तिने सांगितले, की आई तीस वर्षे पहाटेच्या गाडीने भाजीची टोपली दादरला नेत असे आणि उतरताना टोपलीला हात देणाऱ्या अनोळखी हमालासाठी रोज एक भाकरी वेगळी बांधीत असे. यातले काहीच आम्हांला ठाऊक नव्हते. आम्ही विचारलेच नव्हते.