एकट्याचें साहस

तुमसर तालुक्यांतील नाकाडोंगरीच्या रानांत ऐन वैशाखांत एकट्यानेंच हिंडण्याची आम्हांस जुनी हौस आहे. गेल्या खेपेस तिसऱ्या प्रहरीं वावटळ उठली, आभाळ काळवंडलें. वीज चमकल्यावर १५ सेकंदांनीं गडगडाट आला. म्हणजे ती जेमतेम ५ किलोमीटरांवर होती. मोहाचा आसरा सोडून आम्ही सखल जागीं उकिडवे बसलों. रात्रीं परततों तों शेजारचे दोघे विजेरी घेऊन आम्हांस शोधावयास निघालेले! जीव आमचा, तेव्हां धोकाही आमचाच, ही समजूत तेथेंच विरली. तेंदूपत्ता तोडणारे त्याच रानांत पोटासाठीं जातात, आम्ही हौसेसाठीं. हौस निंद्य नव्हे. परंतु तिचें मोल दुसऱ्यानें द्यावें, हा अन्याय होय. एकटें अवश्य जावें. मात्र वाट व परतीची वेळ घरीं सांगून.